विटांचो पूल

नर्मदेच्या नवऱ्याचे कान गेले होते, आणि ही गोष्ट सगळ्या पिंपळखोलात एकट्या नर्मदेला ठाऊक होती. गणपतला स्वतःला ठाऊक नव्हती असं कसं म्हणावं, पण तो ती कबूल करत नव्हता. सून दीपिका तीन वर्षं त्याच घरात वावरत होती, तिला वाटायचं सासरा तुसडा आहे. गावाला वाटायचं, रेल्वेत नोकरी करून आलेला माणूस, जरा गुर्मीत असतो. हाक मारली तर वळत नाही, काही विचारलं तर नुसती मान हलवतो.

अठ्ठावीस वर्षं तो रेल्वेच्या गवंड्यांच्या गँगमध्ये होता. कर्जतच्या वरच्या घाटात गोऱ्या साहेबाच्या वेळच्या विटांच्या कमानी. त्यांत पावसाचं पाणी मुरतं, चुना धुऊन जातो, विटा सैल होतात. त्या कमानींच्या पोटाखाली परांचीवर उताणं पडून त्याने विटांच्या सांध्यांतल्या दर्जा भरल्या, भोकं पाडून आत चुन्याचं पाणी सोडलं. डोक्यावरून गाड्या जायच्या आणि कानाशी ड्रिलमशीन चालायचं. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा उजवा कान पार बंद होता, डावा थोडा शाबूत. नर्मदा त्याच्या डाव्या हाताला चालायला शिकली, डाव्या अंगाला बसून वाढायला शिकली. त्यावर दोघांत एक शब्दही कधी झाला नाही.

एप्रिल सरता सरता तळेऱ्याचा सुदेश घरी आला. गणपतच्या चुलतभावाचा मुलगा, रस्ते-मोऱ्यांची कंत्राटं घ्यायचा. गाडीतून उतरताच त्याने नदीच्या दिशेने हात केला.

"काका, विटांच्या पुलाचा काम माका गावला. पण इटांचा काम करणारो हय कोण नाय. सगळे चिऱ्याचे गवंडी. तुमी रेल्वेत ह्याच केलात ना?"

गणपत त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला कळलं. त्याने मान हलवली आणि उठून पडवीतल्या फळीवरची हत्यारांची पिशवी काढली. आठ वर्षांत त्या हातोडीला कुणी विचारलं नव्हतं.

जांभ्याच्या मुलखात विटांचा पूल कशाला, तर कुणा इंजिनेराने खाडीतून गलबतं भरून विटा आणवल्या, अशी गजाल गावात सांगतात. दोन कमानी, मध्ये एक खांब. गेल्या जुलैत नदी दोन दिवस पुलावरून गेली. पाणी ओसरल्यावर गावच्या बाजूची कमान संक्रांतीपर्यंत गळत राहिली आणि तिच्या पोटावर पांढरे ओघळ धरले. गणपत ते ओघळ बोटाने चाटून बघायचा. "चुनो भायर येता," म्हणायचा. कुणी ऐकायचं नाही.

मे महिन्यात नदीत गुडघाभर डबकी उरली. नर्मदेला चुना मळायला म्हणून घेतलं होतं. पहिल्या दिवशी चुना मळायचा नव्हता तरी ती परांचीखाली उभी राहिली, कारण आज पूल ठोकून बघायचा होता. चांगली वीट हातोडीखाली खण्ण बोलते. सुटलेली वीट भद्द बोलते, पिकलेल्या फणसासारखी.

गणपतने पलीकडची कमान ठोकायला घेतली. ठोकायचा आणि खाली बघायचा. नर्मदा पदर सारखा केल्यासारखं करून हात पुढे धरायची. उघडा पंजा म्हणजे भरीव. मूठ म्हणजे पोकळ. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, तिला सांगता आलं नसतं. घरी फणस ठोकतानाही ती असंच करत आली होती. कामाचे चार गडी वाळू चाळत होते, त्यांना वाटत होतं म्हातारी उन्हाची हात झटकतेय.

पलीकडची कमान बरी निघाली. दोन ठिकाणी मूठ, बाकी पंजा.

गावच्या बाजूच्या कमानीला नर्मदेची मूठ वळली ती उघडेचना. भद्द. भद्द. एक हात पुढे सरकून परत भद्द. गणपतने हातोडी थांबवली.

"नीट ऐक गो."

"ऐकतंय," ती म्हणाली आणि मूठ तशीच धरली.

तो खडूने फुल्या मारत गेला. दुपारी जेवणाच्या वेळेला कमानीचं अख्खं पोट फुल्यांनी भरलं. तो परांचीवरून उतरला, पाणी प्यायला आणि डबक्यात पाय सोडून बसला. त्याच्या भुवयांवर विटांची लाल पूड बसली होती.

"चार थर आसत कमानीक," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "खालचो सुटलो. एकटोच लोंबता."

संध्याकाळी सुदेश आल्यावर गणपतने त्याला फुल्या दाखवल्या. "वरचो रस्तो उकलूक होयो. माती काढूक होई. कमानीच्या पाठीर पाणी मुरता, ता थांबवल्याशिवाय खालसून कितीव लिपलास तरी फुकट."

"रस्तो बंद करूक कोण देवचो नाय, काका. चिऱ्याचे ट्रक खंयसून जातले? माका खालसून दर्जा नि प्लास्टर, इतक्याच दिलेला आसा."

नर्मदा डाव्या बाजूला होती. तिने हलक्या आवाजात तेच परत सांगितलं, जणू स्वतःशीच बोलतेय. गणपतचं तोंड बारीक झालं.

"मगे भोका तरी मोकळी करूया. आतला पाणी भायर येवक वाट होयी."

पुलाच्या बाजूच्या भिंतींत खालच्या अंगाला हातहात अंतरावर भोकं होती. जुन्या लोकांनी मुद्दाम ठेवलेली. मातीत मुरलेलं पाणी त्यांतून बाहेर पडायचं. निम्मी भोकं मुळांनी आणि चिखलाने बुजली होती.

"बघूया," सुदेश म्हणाला.

गणपतने दर्जा भरायला घेतल्या. पंधरा दिवस तो उताणा पडून काम करत होता. डोळ्यांत चुना जायचा, मान वळेनाशी व्हायची. रात्री नर्मदा त्याच्या मानेला खोबरेल चोळायची. सुटलेला थर सांधायला त्याने वीसेक भोकं पाडून चुना आत सोडला. पोतीच्या पोती गिळून कमान उपाशीच. सुदेशने आणखी पोती दिली नाहीत.

कामाच्या शेवटच्या आठवड्यात काँप्रेसर आणला होता. त्याच्या आवाजात धड कानाच्या माणसालाही काही समजत नव्हतं. नर्मदा डबक्यावर पाणी भरायला गेली होती. तिथून तिने पाहिलं. सुदेश भिंतीकडे तोंड करून, भोकांवरून बोट फिरवत काहीतरी सांगत होता. गणपत त्याच्या पाठीमागे उभा. सुदेशने वळून बघितलं, गणपतने मान हलवली. सुदेशने आणखी काही विचारलं. परत मान हलली.

नर्मदेने हंडा तिथेच टाकला आणि दगडांवरून धावत आली. सुदेश तोवर वर चढून गेला होता.

"काय म्हणालो तो?"

"कायव नाय. काम बरा चलता म्हणालो."

दुसऱ्या दिवशी ती दोघं पोचली तेव्हा गडी भोकांत सिमेंट ठासत होते. एक भोकसुद्धा उरलं नव्हतं. गणपतने एकाच्या हातातली थापी हिसकावून नदीत फेकली. सुदेश आला. तो चिडला नाही, उलट हसला.

"काका, तुमीच व्हय म्हटलात. काल ह्या सगळ्यांसमोर इचारलंय, भोकांतसून पाणी गळला काय नया प्लास्टर खराब होतला, बंद करूया? इचारा तेंका."

"व्हय. काकांनी मान हलवल्यानी," एक गडी म्हणाला. बाकीचे खाली बघून हसत होते.

गणपतला एकच वाक्य बोलायचं होतं. नर्मदेला ते त्याच्या गळ्याशी आलेलं दिसत होतं. माका ऐकाक इला नाय. चार शब्द. तो त्या गड्यांकडे बघत राहिला, मग सुदेशकडे, मग त्याने दुसरी थापी घेतली आणि बुजवलेल्या भोकांवर गिलावा चढवायला लागला. त्याच्या हाताचं काम ते, इतकं साफ झालं की भोक कुठे होतं ते कळेना. नर्मदा खाली घमेलं भरून देत होती. ते चार शब्द तिलाही बोलता आले असते. तीही बोलली नाही.

पाऊस लागला. जून संपेपर्यंत कमानीच्या पोटातून एक थेंब गळला नाही. गाव खूश. सरपंचाने पुलावर उभं राहून फोटो काढून घेतला. नर्मदा मात्र रोज शेतावर जाताना पुलाखाली डोकावायची आणि कोरडी कमान बघून वरच्या रस्त्याकडे बघायची. इतकं पाणी वर पडतंय, वर रस्त्याला खड्डे आहेत, खड्ड्यांतलं पाणी सकाळपर्यंत आटतंय. ते जातं कुठे?

जुलै लागला तशी पुलाची प्रवाहाच्या वरच्या अंगाची भिंत पोट पुढे काढल्यासारखी दिसू लागली. प्लास्टरवर केसासारखी चीर आली, आठवड्यात तिच्यात भाताचा दाणा मावेल एवढी झाली. गणपत एसटीने तळेऱ्याला जाऊन आला. सुदेश भेटला नाही. फोनवर नर्मदा बोलली तर म्हणाला, गणपती होऊंदेत काकी, मगे बघूया.

दीपिका नदीपलीकडच्या काजूच्या कारखान्यात जायची. बारा बायका एका टेंपोतून जायच्या, त्याच टेंपोतून यायच्या.

"पुलाच्या पलीकडे उतर नि चलत ये," नर्मदेने तिला सांगितलं.

"आई, सगळ्यो हसतत माका."

दोन दिवस ती उतरून चालत आली. तिसऱ्या दिवशी टेंपोतूनच दारात उतरली.

त्यानंतर पावसाने तीन दिवस उसंत दिली नाही. चौथ्या दिवशी दुपारी गणपत जेवणावरून उठला, हात धुतला आणि फळीवरची पिशवी काढली. नर्मदेने बघितलं, त्याने छिन्नी आणि मोठा हातोडा घेतला होता. तिने डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला आणि मागोमाग निघाली.

नदी तांबडी होऊन वाहत होती. गावच्या बाजूला कमान जिथे काठात घुसते तिथे खाली दगडी ओटा आहे, तो पाण्याच्या वर हातभर उघडा होता. गणपत त्यावर उतरला. भिंतीला अंग घासत पुढे गेला. आपण भोकं कुठे लिंपली हे त्याला बघावं लागत नव्हतं. त्याने छिन्नी लावली आणि हातोडा घातला.

सातव्या-आठव्या घावाला सिमेंटचं बूच उडालं. आधी चिखल आला. मग मनगटाएवढी धार सुटली, ती सरळ नदीत जाऊन पडली. गणपत हसला. त्याचं हसू नर्मदेने कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं. त्याने दुसरं भोक फोडलं, मग तिसरं. तीन धारा लागल्या. नर्मदेला बरं वाटलं, आणि तेवढ्यात तिने पाहिलं की पहिल्या धारेचा रंग बदललाय. त्यात तांबडी माती होती, मातीबरोबर खडी होती. पुलाच्या पोटातला भरावच बाहेर येत होता.

मग तिला ऐकू आलं. कुणी बोटं मोडावीत तसा आवाज. एकदा. थोड्या वेळाने दोनदा. अर्धी वीट सुटून पाण्यात पडली.

"अवो! भायर येवा!"

गणपत चौथ्या भोकावर होता. पाठ तिच्याकडे, उजवा कान तिच्याकडे. ती किंचाळली. पावसात आणि नदीच्या आवाजात तिचा गळा फाटला तरी त्याचा हातोडा चालूच. तिने खालचा दगड उचलून त्याच्या पाठीत मारला. तो संतापून वळला. नर्मदेने दोन्ही मुठी वळून डोक्यावर धरल्या.

त्याने वर कमानीकडे बघितलं. हातोडा तिथेच टाकून तो ओट्यावरून सरपटत आला, ती हात देऊन वर खेचू लागली. दोघं चिखलात कोपरांवर पडत रस्त्यावर चढली. तेव्हा पलीकडून टेंपोचा हॉर्न वाजला.

आज कारखाना लवकर सुटला होता. पावसाच्या पडद्यातून पलीकडच्या वळणावर दिवे दिसत होते. इथून हात हलवून ड्रायव्हरला काही दिसणार नव्हतं. नर्मदेने विचार केला नाही. ती पुलावर धावली. पायाखालचा रस्ता तिला ओल्या गादीसारखा लागला. गणपत काय ओरडला ते तिला कळलं, पण ती थांबली नाही. खांब ओलांडून ती पलीकडच्या कमानीवर पोचली आणि टेंपोच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली. ड्रायव्हरने ब्रेक मारला तरी टेंपो घसरत येऊन तिच्या पोटाला टेकला.

"मराक इलंस काय गो म्हातारे!"

"मागे घे! मागे घे मेल्या, मागे!"

टेंपोतून दीपिका खाली उतरली. सासूचा चिखलाने भरलेला चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, तिने ड्रायव्हरच्या दारावर मुठी आपटल्या. टेंपो मागे गेला. बायका चालत, पडत, मागोमाग काठावर गेल्या.

गावच्या बाजूची कमान पडताना मोठा आवाज झाला नाही. मधून खाली बसली, माजघराची भुई खचावी तशी, आणि मग दोन्ही कठडे आत कलंडले. पाणी उडालं. लाल पूड आणि पाऊस मिसळून काही क्षण काहीच दिसेना.

दिसलं तेव्हा गणपत त्या काठावर गुडघ्यांवर बसलेला होता, दोन्ही हात जमिनीला लावून. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, फक्त तळहातांना हादरा बसला होता. तो पलीकडे बघत होता पण बायकांच्या घोळक्यात त्याला ती सापडत नव्हती. हाक मारून उपयोग नव्हता. नर्मदा पुढे आली, अगदी तुटलेल्या टोकाजवळ. तिने उजवा हात वर केला आणि पंजा उघडला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानेही हात वर केला.

ती तळेऱ्यावरून फिरून घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. तो पडवीत बसला होता.

चौकशीला जिल्ह्याचे साहेब आले, देवळाच्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या. बाहेर पाऊस झोडपत होता, पत्र्यावर त्याचा धडधडाट. सुदेश आधीच सगळं सांगून मोकळा झाला होता. काम सगळं नियमाने झालेलं. म्हाताऱ्याने छिन्नीने भिंत फोडली, ते काठावरून जाणाऱ्या दोघांनी बघितलं. कामाचा राग होता, दुसरं काय.

गणपतला पुढे बसवलं. साहेब कागदांत बघत विचारत होते.

"पुलाच्या भिंतीवर छिन्नी तुम्ही चालवलीत?"

गणपतने मान हलवली.

"कुणाचीही परवानगी न घेता?"

मान हलली.

"म्हणजे पूल तुमच्या कृत्यामुळे पडला, हे तुम्हाला मान्य आहे."

गणपत लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताकडे बघत होता. त्याने मान हलवली. कारकून लिहायला लागला.

नर्मदा बायकांत खांबाला टेकून बसली होती. ती उठली. घरातल्या माणसाची अब्रू चारचौघांत उघडी करायची तर जीभ जड होते, तशी तिची झाली. "थांबा," ती म्हणाली. "लिवू नकात. तेंका ऐकाक येना नाय."

"काय?"

"भैरे आसत ते. धा वर्सां झाली." तिने आपल्या कानाला हात लावला. "कोणी काय इचारला तर मान हलयतत. सुदेशान भोका बंद करूया म्हटल्यान, तेवाव अशीच हलवल्यानी."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दीपिकाने तोंडावर पदर धरला. गणपतला शब्द कळले नव्हते, पण नर्मदेचा कानावरचा हात त्याने बघितला. त्याचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

सुदेश उभा राहिला. "ऐकलात साहेब? भैरो माणूस आमचो पूल ठोकून बघी होतो! माका सांगल्यानी नाय, फसवल्यानी."

साहेबांनी चष्मा काढला. "मग पूल तपासला कोणी?"

"मिया," नर्मदा म्हणाली. "ते ठोकीत, मिया ऐकी."

आता सगळेच हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत काही लिहिलं आणि गणपतच्या पुढे सरकवलं. भिंत तुम्ही फोडलीत का, आणि कशासाठी. गणपतने बोट ठेवून ते वाचलं. बहिरी माणसं बोलतात तसा तो गरजेपेक्षा मोठ्याने बोलला, देवळाच्या बाहेरपर्यंत आवाज गेला.

"भोका मिया उघडलंय. बंद केली तीव मियाच. गिलावो माझ्या हातचो आसा. आत पाणी कोंडला काय कमान खातला, ता माका ठावक होता. तरी लिपलंय." तो थांबला. "उघडली नसती तर ऱ्हवली असती काय, ता माका सांगूक येवचा नाय."

सुदेश काहीतरी बोलायला लागला, साहेबांनी त्याला हाताने गप्प केलं. कारकुनाला आधीचा कागद फाडायला सांगितला. नवा लिहून झाल्यावर गणपतने सही केली. मग साहेबांनी नर्मदेला बोलावलं, तिचाही जबाब लिहून घेतला आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिचीही सही घेतली. उठताना ते काहीतरी म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

घरी जाताना गणपत पुढे होता. एकदाही वळला नाही. नर्मदा मागून त्याच्या पायांकडे बघत चालली होती. आता हा किती दिवस बोलणार नाही, जेवणार नाही, की पुन्हा कधी डाव्या बाजूला उभी राहू देणार नाही, हेच तिच्या मनात होतं. त्यांच्या वाडीच्या तोंडाशी विहिरीवर शेजारची शर्मिला पावसातच पाणी शेंदत होती.

गणपत गडग्याच्या दगडी कुंपणाजवळ थांबला. नर्मदा जवळ येईपर्यंत उभा राहिला. ती आली तशी त्याने डावा कान तिच्याकडे केला.

"त्या सायबान शेवटाक काय सांगल्यान?"

दहा वर्षांत त्याने असं कधी विचारलं नव्हतं. नर्मदेने सवयीने इकडेतिकडे बघितलं, शर्मिलाकडे बघितलं. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती ओरडली.

"गाव सोडून जावचा नाय म्हणान सांगल्यान! परत बोलवतले!"

"कोणाक?"

विहिरीवरचा रहाट थांबला होता.

"दोघांकव!" नर्मदा ओरडली.